६७५ पटींचा साबुदाणा

खोक्यावर ‘६७५ पट’ असं ठळक छापलेलं होतं आणि शेजारी शनीचं चित्र, जणू अंतराळयानानेच काढलेलं. पनवेलमध्ये राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने मुंबईतल्या एका दुकानातून ११४ मिलिमीटर आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीअंतराची दुर्बीण आणली ती या आकड्याला भुलून. सोबत दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) होते. एकावर ‘एच २०’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘एसआर ४’. शिवाय तिप्पट करणारं बार्लो भिंग. वर्धन म्हणजे दुर्बिणीचं नाभीअंतर भागिले आयपीसचं: ९०० भागिले ४ म्हणजे २२५, त्याची तिप्पट ६७५. हिशेब चोख होता.

लेखकाची आई गुडघे सांभाळत तीन जिने चढून गच्चीवर आली. चष्मा काढून तिने शनीवर रोखलेल्या दुर्बिणीला डोळा लावला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, “अरे, हा तर भिजवलेला साबुदाणा!”

उपमा अचूक होती. आरसा गोळा करतो तेवढाच प्रकाश. प्रतिमा जितकी मोठी करावी तितका तो पसरतो, पातळ होतो. ११४ मिलिमीटरचा झोत ६७५ पटींनी आक्रसला की डोळ्यात शिरतो तो मिलिमीटरचा सहावा हिस्सा. दुर्बिणीच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याची दुप्पट ही वर्धनाची वरची हद्द मानतात, तीही हवा स्थिर असेल तर. म्हणजे इथे २२८. एसआर ४ एकटाच या हद्दीला टेकलेला. त्यातून बघणं म्हणजे किल्लीच्या भोकाला डोळा लावणं, आणि पापणी भिंगाला घासते ती वेगळीच.

‘एच २०’मधला एच म्हणजे ख्रिस्तियान हायगेन्स. १६५५ मध्ये शनीचा टायटन चंद्र त्याने शोधला, तो सुमारे ५० पट वर्धनाच्या दुर्बिणीतून. त्याच्याच नावाचा आयपीस ६७५ पटींच्या खोक्यात निघावा!

दुसरी चूक पहिलीहून महाग पडली. लेखकाने पेटीभर आयपीसचा संच मागवला, वर रंगीत फिल्टर. घरी आल्यावर कळलं की जुन्या आयपीसची नळी ०.९६५ इंची आणि नवे सगळे सव्वा इंची. फोकसरमध्ये बसेनातच. जोडनळी मिळाली, पण संचातले ४ आणि ६ मिलिमीटरचे प्लॉसल डोळा जवळजवळ काचेवर टेकवल्याशिवाय चित्र दाखवत नव्हते. प्लॉसल ही रचना चांगलीच आहे. २५ किंवा १५ मिलिमीटरचा घ्यावा, खुशाल घ्यावा. मात्र त्यात डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो हे नाभीअंतरावर ठरतं, साधारण त्याच्या सत्तर टक्के. ६ मिलिमीटरच्या प्लॉसलला म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. चष्मेवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

मग काय घ्यावं? दुर्बिणीच्या नाभीअंतराला व्यासाने भागावं. ९०० भागिले ११४ म्हणजे जवळपास ८. उत्तराच्या आसपासच्या मिलिमीटरचा आयपीस ग्रहांसाठी मुख्य धरावा, आणि चांगल्या रात्रींसाठी त्याच्या पाऊणपट आकड्याचा एक. लेखकाकडे आज ९ आणि ६ मिलिमीटरचे आहेत, १०० आणि १५० पटींचे. दोन्ही सोनेरी पट्टीचे, ६६ अंश क्षेत्राचे, दोन-तीन हजारांच्या आसपास मिळणारे. डोळा आरामात लांब राहतो, आणि क्षेत्र रुंद असल्याने हाताने सरकवायच्या दुर्बिणीतून ग्रह पटकन पळून जात नाही. ७०० मिलिमीटर नाभीअंतराच्या ७० मिलिमीटर दुर्बिणीला हाच हिशेब १० मिलिमीटर सांगतो.

पनवेलचं आकाश रात्री नारिंगी असतं, पण ग्रहांना त्याचं फारसं काही नाही. ते पुरेसे तेजस्वी आहेत. नडते ती हवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि गुरू पाण्याखाली असल्यासारखा हलतो. अशा वेळी ६ मिलिमीटरचा आयपीस खिशातच ठेवावा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढावी आणि शेजारच्या पत्र्यांवरून बघू नये.

कधी दोष ग्रहाचाही असतो. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली. त्या वर्षअखेरीसही कडी सुईसारखी बारीक दिसत होती. तेव्हा नवी दुर्बीण घेतलेल्या कितीजणांनी आयपीस बदलले असतील कोण जाणे. १६१२ मध्ये गॅलिलिओही असाच चक्रावला होता.

आणखी एक कोकणी संकट म्हणजे बुरशी. एका पावसाळ्यात संचाची ती फोमची पेटी कपाटात राहिली. सप्टेंबरात उघडली तर दोन भिंगांवर कोळिष्टकासारखी जाळी. आता आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात.

खरं तर हे सारं विकत घेण्याआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघता आलं असतं. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शनाच्या रात्री भरवत आलं आहे, आणि पनवेलहून वांगणी काही लांब नाही. लेखक तिथे गेला तो पैसे घालवून झाल्यावर.

जानेवारी २०२६ मध्ये गुरू मिथुन राशीत होता, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. ९ मिलिमीटरमधून आईने, चष्मा न काढता, दोन पट्टे बघितले. चंद्र तिने तीनच मोजले आणि चौथा कुठे म्हणून विचारलं. तो त्या वेळी गुरूच्या आड होता.