लिंट : कापसातली आणि आज्ञावलीतली

माजलगाव-गेवराईकडच्या जिनिंगमध्ये ‘लिंट’ हा शब्द नवा नाही. सरकी काढल्यावर उरते ती रुई, तिलाच व्यापारी लिंट म्हणतात. संगणकशास्त्रात मात्र हा शब्द उलट्या अर्थाने रुजला. कपड्याला चिकटलेले तंतू वेचावेत तसे सी भाषेतील आज्ञावलीचे बारीक दोष वेचणारे साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास तयार केले आणि त्याला नाव दिले लिंट. आपला माल तो त्यांचा कचरा!

अशा साधनाची खरी निकड जावास्क्रिप्टला आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला नमुना उभा केला, ती ही भाषा फार मोकळीढाकळी. कोरा मजकूर आणि शून्य यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली, तर दोन्ही सारखेच असे ती सांगते. तीन चिन्हे दिली तरच भेद करते. समजा, आज्ञावली निकालपत्रकाची आहे. मग परीक्षेला गैरहजर राहिलेला आणि शून्य गुण मिळालेला हे दोघे तिच्या लेखी एकच!

निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले ईएसलिंट अशी जागा दाखवते. ते आज्ञावली चालवून पाहत नाही. आपण व्याकरणाच्या तासाला वाक्यपृथक्करण करतो तशी तिची फोड करते आणि प्रत्येक भागाला नियम लावते. नियमांची यादी आज्ञावलीसोबतच ठेवलेली असते. माणूस तपासणी विसरतो, म्हणून काम गिटमध्ये नोंदवण्यापूर्वी ती आपोआप व्हावी अशी सोय करतात. सर्व्हरवर ती पुन्हा होते. तिथे नापास झालेले काम मुख्य शाखेत घ्यायचे नाही, असे ठरवता येते.

एका खरेदी केंद्रावर आमच्या एकाच वावरातल्या कापसाच्या दोन खेपांना दोन दर लागले. कारण विचारायला वडील धजावले नाहीत. ईएसलिंट दोषाबरोबर ओळीचा क्रमांक आणि नियमाचे नाव छापते, हे मला म्हणूनच मोलाचे वाटते. अर्थात नियम निवडणारी माणसेच, आणि एका ओळीची टीप लिहून नियम तेवढ्यापुरता बंदही करता येतो. ती पळवाट कोण वापरतो यावर लक्ष हवेच.

शिवाय उत्तीर्णतेची मर्यादा ३५ ऐवजी ५३ लिहिली गेली, तर ईएसलिंट गप्प राहते, कारण व्याकरण बिनचूक असते. तिथे ३४, ३५ आणि ३६ गुण घालून निकाल काय येतो हे पाहणारी वेगळी चाचणी लिहावी लागते.