निर्मळ दिसणारे पाणी

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव गोदावरीच्या काठी वसले आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. पुढे ते निवळून नितळ दिसू लागते. परंतु नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू त्यात असू शकतात.

मुलांनो, सगळेच जंतू घातक नसतात. ई. कोलाय नावाचे जंतू आपल्या आतड्यांत निरुपद्रवीपणे नांदतात. मात्र त्यांच्याच काही भाईबंदांमुळे जीवघेणी हगवण लागते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे रूप सारखेच! मग साव कोण आणि चोर कोण, हे ओळखावे कसे?

१९५९ साली कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, पटकीचे जंतू एक विष निर्माण करतात आणि त्या विषाने आतड्यात पाणी साचते. परंतु ससा म्हणजे माणूस नव्हे. मानवी पेशी शरीराबाहेर सतत वाढविण्याची वाट १९५१ मध्येच अमेरिकेत मोकळी झाली होती. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या होत्या. दुःखाची गोष्ट ही की, त्यासाठी तिची संमती कोणी घेतली नव्हती. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात नाना प्रकारच्या पेशींचे भांडार असून तेथून त्या संशोधकांना पुरविल्या जातात.

परीक्षेची रीत अशी आहे. पोषक द्रवात, शरीराइतक्या उष्णतेत, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसवर, पेशींचा पातळ थर वाढवितात. पाण्यातून वेगळे केलेले जंतू त्यावर सोडतात. काही तासांनी थर धुऊन, पेशींच्या आत सहजासहजी न शिरणारे प्रतिजैविक औषध घालतात. त्याने बाहेरचे जंतू मरतात. आत घुसलेले तेवढे वाचतात. मग पेशी फोडून त्यांची गणती करतात. दुसऱ्या एका परीक्षेत जंतूंनी सोडलेला द्रवच पेशींवर घालतात. पेशी आक्रसल्या अथवा मेल्या, तर त्यात विष असल्याचा संशय बळावतो.

तथापि काचपात्रात जठरातील आम्ल नसते, की रोगाशी झुंजणारे रक्त नसते. म्हणून हा निकाल इतर पुराव्यांशी ताडून पाहावा लागतो. शिवाय या कामी मोठी प्रयोगशाळा आणि पुष्कळ वेळ लागतो. तहानलेल्याला तेवढी सवड कोठली? त्याने पाणी उकळून प्यावे, हेच श्रेयस्कर. खळखळून उकळी फुटली की, साव आणि चोर निवडीत बसण्याचे कारणच उरत नाही.