जुन्या जीपची उंची : कमानी पाट्यांचा संच निवडताना

चेन्नई शहराच्या पश्चिम भागातील अण्णा नगर ही आखीव रस्त्यांची वस्ती आहे. १९६८ साली येथे जागतिक व्यापार मेळा भरला होता व त्या वेळी उभारलेला मनोरा आजही उद्यानात उभा आहे. वस्तीच्या शेजारी पाडी व अंबत्तूर हे औद्योगिक भाग आहेत. ब्रेक, चाके आणि मोटारींची विद्युत्-साधने तयार करणारे कारखाने तेथे अनेक वर्षांपासून चालत आले आहेत. अशा परिसरात जुनी जीप जतन करणाऱ्या हौशी माणसाला कारागीर आणि सुटे भाग यांची वाण पडत नाही. अडचण येते ती निवडीची. जीप उंच करावी काय, करावयाची तर किती आणि कोणत्या रीतीने, या प्रश्नांचा विचार यंत्रशास्त्राच्या आधारे कसा करावा हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

आपल्या देशातील जुन्या जीपगाड्यांचे मूळ विलीज जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात ती सैन्यासाठी तयार झाली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा उद्योगाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे तिची जुळणी सुरू केली. मूळ जीपच्या पुढील व मागील आसांतील अंतर ८० इंच, तर उजव्या व डाव्या चाकांतील अंतर सुमारे ४८ इंच होते. हे दुसरे माप वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

उंची म्हणजे कोणती उंची?

‘गाडी उंच केली’ असे आपण म्हणतो, तेव्हा तीन निरनिराळ्या उंचींची गल्लत होण्याचा संभव असतो. पहिली चासिसची उंची, दुसरी केवळ बॉडीची उंची आणि तिसरी आसाच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची. दगड आपटतो तो बहुधा या गोळ्यालाच. पाटे बदलल्याने चासिस व बॉडी वर जातात. आस मात्र होता तेथेच राहतो. तो वर नेण्याचा सरळ मार्ग मोठा टायर हाच होय, आणि तेथेही व्यासातील वाढीचा निम्माच भाग पदरात पडतो. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंच व्यासाचा टायर बसविला, तर गोळा दीड इंच वर जातो.

पावसाच्या पाण्याविषयीही असेच म्हणता येईल. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईचे रस्ते पाण्याखाली गेले होते. गाडी उंच केल्यास इंजिनाचे हवा घेणारे तोंड पाण्यापासून दूर जाते हे खरे. परंतु चाकांचे बेअरिंग, ब्रेक व डिफरन्शियल पूर्वीप्रमाणेच पाण्यात बुडतात.

पाट्याचे कार्य

जीपचा पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान होय. तिचा ताठरपणा पट्ट्यांच्या संख्येच्या सम प्रमाणात वाढतो. पण पट्टीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पट्टी केवळ एक दशांश जाड केली, तरी पाटा सुमारे एक तृतीयांश अधिक ताठ होतो. लांबीचा परिणाम याच्या उलट असतो. पाटा जितका लांब तितका तो मऊ.

समजा, एखादा पाटा गाडीच्या भाराने १० सेंटिमीटर दबतो. त्यावरील गाडी दर मिनिटास सुमारे ९५ आंदोलने करील. पाटा एक तृतीयांश ताठ केला, तर तो ७.५ सेंटिमीटरच दबेल व आंदोलने सुमारे १०९ होतील. गाडी अडीच सेंटिमीटर वर आली खरी, परंतु बसणाऱ्याला हिसके अधिक बसू लागले. याखेरीज, ताठ पाटा खड्ड्यात पुरेसा लवत नाही. त्यामुळे एखादे चाक जमीन सोडते, आणि खडकाळ वाटेवर जी पकड वाढावी म्हणून खर्च केला तीच कमी होते. तेव्हा कमान अधिक, पण ताठरपणा मुळाइतकाच, असा पाटा चांगला समजावा.

उंची वाढविण्याचे प्रकार

१. *अधिक कमानीचे नवे पाटे.* खर्च जास्त. परंतु जुने, थकलेले पोलाद निघून जाते. योग्य लांबीच्या शॉकॲब्सॉर्बरसह मिळणारा संच सर्वांत समाधानकारक होय.

२. *जुन्या पाट्यात एक पट्टी वाढविणे.* स्वस्त उपाय. पण ताठरपणा वाढतो. नेहमी भार वाहणाऱ्या गाडीस तो शोभतो.

३. *लांब शॅकल.* शॅकल जितका लांबवावा त्याच्या निम्मी उंची मिळते. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे पाटा व त्यावरील आस कलतो. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकास असेल, तर सुकाणूच्या खुंटाचा मागील कल कमी होतो आणि सरळ रस्त्यावर चाक आपोआप मध्यावर येण्याचा गुण क्षीण होतो.

४. *आस व पाटा यांमध्ये ठोकळा.* हा केवळ मागील आसासाठी. पुढील आसाखाली ठोकळा कधीही घालू नये. ब्रेक लावताच आसाला जो पीळ पडतो तो ठोकळ्यामुळे वाढतो, आणि ठोकळा सरकला तर सुकाणूच हातून जाते.

५. *पाटा आसाच्या वर घेणे.* जुन्या विलीज जीपमध्ये पाटे आसाच्या खालून जातात. ते वर घेतल्यास एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. परंतु त्यासाठी आसावर नवे वेल्डिंग व सुकाणूची नवी मांडणी करावी लागते. हे घरगुती काम नव्हे.

एका बदलामागून दुसरा

गिअरपेटीकडून आसाकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांस युनिव्हर्सल जॉइंटने जोडलेला असतो. चासिस वर गेली की शाफ्ट तिरपा होतो. समजा, मागील शाफ्ट २० इंच लांब आहे. गाडी २ इंच उंच केल्यास त्याचा कोन सुमारे ६ अंशांनी व ४ इंच उंच केल्यास सुमारे ११ अंशांनी वाढतो. जॉइंट तिरपा असताना शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. कोन १० अंश असता वेग प्रत्येक फेऱ्यात सुमारे दीड टक्का, तर २० अंश असता सुमारे सहा टक्के कमीअधिक होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर ही चढउतार आसापर्यंत पोहोचत नाही. समान नसतील तर गाडी थरथरते व जॉइंट लवकर झिजतो. म्हणून पाट्याखाली पाचर देऊन आसाचा कोन जुळवावा लागतो. आखूड जीपमध्ये शाफ्टही आखूड असतो. त्यामुळे लांब गाडीला सोसते तेवढी उंची तिला सोसत नाही.

याचप्रमाणे ब्रेकच्या रबरी नळ्यांची लांबी तपासली पाहिजे. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण खाली लोंबकळू द्यावे. त्या स्थितीत नळी ताणली जाता कामा नये. मोठ्या टायरमुळे वेगमापकही चुकतो. २८ च्या जागी ३१ इंची टायर असता काटा ताशी ६० दाखवीत असताना गाडी ताशी ६६ किलोमीटरने धावत असते, आणि चाकापाशी मिळणारी ओढ सुमारे एक दशांशाने घटते.

घसरणे आणि उलटणे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वळणावर गाडीला दोन धोके असतात : बाहेर घसरणे किंवा उलटणे. कोणता धोका आधी येईल हे दोन संख्यांवर अवलंबून असते. चाकांतील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता जी संख्या येते ती पहिली. टायर व रस्ता यांमधील घर्षणगुणांक ही दुसरी. पहिली संख्या मोठी असेल तर गाडी आधी घसरते. लहान असेल तर उलटते.

जीपच्या चाकांतील अंतराचे निम्मे २४ इंच. गुरुत्वमध्य समजा २४ इंचांवर आहे. भागाकार १ आला. पाटे ४ इंच उंच केल्यास, आस व चाके खालीच राहत असल्यामुळे, गुरुत्वमध्य समजा ३ इंच चढतो. मोठ्या टायरमुळे आणखी दीड इंच. आता २४ भागिले २८.५ म्हणजे सुमारे ०.८४. कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.८ च्या आसपास असू शकतो. शिवाय वळणावर बॉडी बाहेर झुकते, त्यामुळे प्रत्यक्षातील संख्या ०.८४ पेक्षाही कमी भरते. म्हणजे जी गाडी पूर्वी घसरली असती, ती आता उलटण्याचा संभव उत्पन्न झाला.

बारा मीटर त्रिज्येच्या वळणावर या हिशेबाने उलटण्याची वेगमर्यादा ताशी ३९ वरून ३६ किलोमीटरवर येते. फरक तीन किलोमीटरांचा दिसतो. परंतु घसरलेल्या गाडीस सावरण्यास अवसर असतो, उलटलेल्या गाडीस तो नसतो. कोल्ली टेकड्यांच्या सत्तर वळणांच्या घाटात किंवा सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात जीप नेणाऱ्याने हे विसरू नये.

कायद्याचे बंधन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून संच विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. दुकानदाराचे आश्वासन ही परवानगी नव्हे.

निवडीचा क्रम

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांपाशी चासिसची उंची मोजावी व ती मूळ मापांशी ताडून पाहावी. पुष्कळ जुन्या गाड्यांचे पाटे थकून बसलेले असतात. अशा गाडीस उंच करण्याची नव्हे, मूळ उंचीवर परत आणण्याची गरज असते. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश व नवे यू-बोल्ट घातले की बहुतेकांचे समाधान होते आणि कायद्याची अडचणही येत नाही. त्यानंतरही गरज उरली व परवानगी मिळाली, तरच अल्प उंचीचा, ताठरपणा न वाढविणारा पूर्ण संच निवडावा. काम झाल्यावर काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

प्रयोग

आगपेटीच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा घ्या. एका फळीवर खरखरीत कागद डकवून त्यावर ठोकळा आडवा ठेवा आणि फळीचे एक टोक सावकाश उचला; ठोकळा घसरेल. आता तोच ठोकळा अरुंद बाजूवर उभा ठेवून कृती पुन्हा करा, तो उलटेल. लाकूड तेच, कागद तोच. बदलली ती केवळ गुरुत्वमध्याची उंची व पायाची रुंदी. दोन्ही वेळी फळीचा कोन मोजून वहीत नोंदवा, आणि वर सांगितलेल्या दोन संख्यांशी त्याचा संबंध लावून पाहा.