पानगळीचे फोटो: गौताळ्याच्या अलीकडेच थांबा

परदेशातले लाल-पिवळे फोटो पाहून ऑक्टोबरात कॅमेरा उचलू नका. मराठवाड्यातली पानगळ माघ-फाल्गुनातली. जानेवारी सरता सरता साग आणि सालई उघडे पडायला लागतात आणि होळीच्या आगेमागे पळस फुलतो. पावसाळ्यात म्हैसमाळच्या डोंगरावर रील काढणाऱ्यांची जत्रा भरते. या दिवसांत तिकडे कुत्रं फिरकत नाही. बरंच आहे.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य (1986 साली घोषित, सुमारे 260 चौरस किलोमीटर) संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलंय. संभाजीनगर शहरापासून कन्नडपर्यंत साधारण 60 किलोमीटर, पुढचा रस्ता नकाशा दाखवतो. प्रवेशाची वेळ आणि शुल्क नाक्यावर विचारा.

आम्हाला पहाटेच्या उजेडात पळस हवा होता. कन्नड ओलांडलं आणि जीप पंक्चर. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही! चाक घेऊन ड्रायव्हर ट्रकमध्ये बसून मागे गेला, आम्ही रस्त्याकडेच्या उतारावर. ऊन चढत होतं, तोंडं लांब झाली होती. तेवढ्यात समोरचा कांडोळ दिसला.

एक पान नाही, नुसतं पांढरं गुलाबीसर खोड. सालीचे कागदी पापुद्रे सुटलेले, तिरप्या उन्हात त्यांच्या कडा चमकत होत्या. डिंकासाठी कुणीतरी केलेल्या जुन्या घावांभोवती साल वळून जाड ओठ तयार झाले होते. कुठे डोळा, कुठे पोपडे आलेली भिंत. याच झाडाला भुत्या म्हणतात. चांदण्यात पाहिलंत तर का ते विचारणार नाही. फांदीच्या टोकाला पाच पाकळ्यांची लालसर फळं होती. वाकवून जवळून घ्यावीत म्हणून हात पुढे केला, तर शेळ्या घेऊन चाललेले आजोबा ओरडले, "हात नका लावू बाबा, कूस लागली की दिवसभर खाजवत बसताल!" त्या फळांवर बारीक टोचरी लव असते. फळ लांबूनच टिपा.

खाली सागाची पानं. पावसाळ्यात अळीने शिरांमधला हिरवा भाग खाल्लेला, उरली फक्त जाळी. बीबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळी पाहून आलेल्यांनी असं एक पान सूर्यासमोर धरून पाहावं. पलीकडच्या खोडावर वाळवीने चढवलेली मातीची नक्षी. ड्रायव्हर परत आला तेव्हा आम्हीच त्याला "थांबा हो जरा" म्हणालो.

कॅमेऱ्याचं: पांढऱ्या खोडाने चौकट भरली की कॅमेरा ते करडं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. मागे काळोखी दरी असेल तर उलट, तेवढंच कमी करा. पळसाचा केशरी रंगही चटकन जळतो, तिथे कमीच ठेवा. मोबाईल असेल तर खोडावर बोट टेकवून उजेड सरकवा. सकाळी नऊनंतर कडक उन्हात लांबचं दृश्य सोडा. सालीला, पानाला जवळ जा.

पुढे पितळखोरा झालंच. इसवीसनपूर्व काळातली बौद्ध लेणी. इथला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख त्याच्या हातावर आहे. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, अत्तर-परफ्यूम नको, आरडाओरडा नको.

अशा कोरड्या रानात सिगारेट पेटवणाऱ्याने स्वतःला ट्रेकर म्हणवून घेऊ नये. फोटोत 'भाव' यावा म्हणून कांडोळाच्या सालीवर नाव कोरणाऱ्यानेही. आणि चौकटीत वेफर्सचं पाकीट आलं तर फोटोतून नंतर पुसत बसण्यापेक्षा उचलून खिशात घाला.

गाडी नसेल तर शहरातच फिरा. या दिवसांत पिंपळाला तांबूस पालवी फुटते. मलिक अंबरने 1612 साली बांधलेल्या भडकल दरवाजापासून सुरुवात करा, पण रविवारी, रिक्षा सुरू व्हायच्या आत.