मुळांचे अन्न की सरपण?



चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर येथे एका कुंपणावर गुलाबी फुलांची वेल चढलेली आहे. ती मूळची मेक्सिकोची. परंतु तिचे कूळ आपणांस परके नाही. उत्तरेकडे उपवासाला ज्याच्या पिठाच्या पुऱ्या करतात, त्या कुट्टूचेच ते कूळ. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांत रानकुट्टूची झुडपे विपुल आहेत. आपल्या देशात त्यांचा नातलग म्हणजे थरच्या वाळवंटातील फोग. ईयोबाच्या ग्रंथातील एक अवघड शब्द समजून घेण्यास मला याच फोगाचे साहाय्य झाले.

लिनीअसने १७५३ साली त्यास ‘कॅलिगोनम पॉलिगोनॉइडिस’ असे नाव दिले. ग्रीकमध्ये ‘गोनु’ म्हणजे गुडघा. फोगाच्या काड्यांची पेरे पाहिली की नाव पटते. पाने नाममात्रच, त्यांचे काम हिरव्या काड्या करतात. कळ्याफुले दह्यात घालून त्यांचे रायते होते, काड्या उंट खातात. मुळे वाळूत दूरवर पसरून टेकड्या धरून ठेवतात. मात्र लाकूड व मुळे प्रखर जळतात, कोळसाही उत्तम होतो; म्हणून लोक झुडूप मुळासकट खणून नेतात, आणि बांधलेली वाळू पुन्हा मोकळी सुटते.

आता ईयोब ३०:४ उघडा. तेथे उपासमारीने गांजलेले लोक अरण्यात ‘रोतेम’ झुडपाची मुळे काढतात. कशासाठी? इब्री शब्द ‘लहमाम’. त्याचा अर्थ ‘त्यांचे अन्न’ असा होतो, तसाच ‘ऊब घेण्यासाठी’ असाही होतो. यशया ४७:१४ मध्ये हाच शब्द निखाऱ्यांसंबंधी येतो, आणि तेथे अर्थ उबेचाच आहे. रोतेमची मुळे खाण्याजोगी नाहीत. त्याचे निखारे मात्र स्तोत्र १२०:४ मध्येही आहेत.

रोतेम हे वाटाण्याच्या कुळातले. फोगाशी त्याचे रक्ताचे नाते नाही, म्हणून भाषांतरात एकाच्या जागी दुसरे घालणे मला मान्य नाही. (एलीया ज्याखाली मरण मागत बसला, ते झुडूपही रोतेमच, १ राजे १९:४.) परंतु वाळवंटातील दरिद्री माणूस मुळे का खणतो, याचे उत्तर फोगापाशी आहे. थंडीच्या रात्री त्याला जाळ हवा असतो. यास्तव मी मूळ पाठात ‘ऊब’ ठेवीन, आणि ‘अन्न’ तळटीपेत देईन.