डावावरून उठायची वेळ

कौटुंबिक जीवन : अभ्यासपाठ
वाचन : लूक १४:२८-३२



"एवढा महिना पूर्ण करतो, मग सोडतो." "गेलेले पैसे निघाले की मोबाइलमधून काढून टाकतो, आई." ही वाक्ये गेल्या काही वर्षांत कितीतरी घरांत ऐकू आली आहेत. असे बोलणारा मुलगा वाईट नसतो. तो कामाला जातो, रविवारी मिस्साला येतो, आईच्या औषधांना पैसे देतो. मात्र रात्री सगळे झोपले की त्याच्या अंथरुणात मोबाइलचा उजेड दिसतो. पोकर, रमी, तीन पत्ती. पैसे लावून.

जुगार वाईट, हे आपण सगळेच सांगतो. ते ऐकून तो मुलगा मान खाली घालतो आणि रात्री पुन्हा खेळतो. म्हणून आजच्या पाठात एकच प्रश्न घेऊ या : उठायचे केव्हा, आणि ती वेळ ठरवायची केव्हा?

१. आधी बसून हिशेब

प्रभू येशूने या उताऱ्यात दोन दाखले दिले आहेत. पहिला बुरूज बांधणाऱ्याचा. बांधकामाला हात घालण्यापूर्वी तो बसून खर्च मोजतो, कारण पाया घालून काम अर्धवट राहिले तर लोक हसतात. हा दाखला आपल्या चांगला लक्षात राहतो. दुसऱ्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. एका राजाजवळ दहा हजार माणसे आहेत आणि त्याच्यावर वीस हजारांचे सैन्य चालून येत आहे. तोही आधी बसून विचार करतो. निभावणार नाही असे दिसले, तर शत्रू अजून दूर असतानाच तो तहासाठी वकील पाठवतो.

'दूर असतानाच' हे ध्यानात ठेवा. वेशीपाशी तलवारी भिडल्यावर तहाची बोलणी होत नाहीत. या राजाला प्रभूने भित्रा म्हटलेले नाही. प्रभूने हे दाखले शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी दिले हे खरे. पण ते घेतले आहेत रोजच्या व्यवहारातून, आणि तो शहाणपणा व्यवहारालाही लागू पडतो.

२. पोकरचे 'आव्हान'

ज्यांना पोकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा तीन पत्तीच्या जातीचा खेळ. त्याच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडी होतात. पाने पाहत पाहत पैसे लावायचे. पाने बरी नसली तर आपण तीन पत्तीत 'पॅक' म्हणतो तसे टाकून द्यायचे. मुरलेला खेळाडू बहुतेक डाव सुरुवातीलाच टाकून देतो. म्हणजे सोडून देणे हे या खेळातलेच पहिले कौशल्य आहे. पण डाव टाकणे निराळे आणि जागेवरून उठणे निराळे. डाव टाकणारे पुष्कळ असतात, उठणारे थोडे.

ऑनलाइन पोकरमध्ये याला 'चॅलेंज'ची जोड मिळाली. महिन्यात अमुक इतके डाव खेळा, इतके गुण जमवा, यादीत वर या, बक्षीस मिळवा. काही जण स्वतःच लक्ष्य ठरवतात : पाचशे रुपयांचे पन्नास हजार करून दाखवीन.

अशा लक्ष्याचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या ख्रिस फर्ग्युसनचे. तो संगणकशास्त्रातील डॉक्टरेट आणि २००० सालच्या पोकर विश्वस्पर्धेतील मुख्य स्पर्धेचा विजेता. २००६ मध्ये त्याने शून्य डॉलरपासून दहा हजार डॉलरपर्यंत जाण्याचे ठरवले. सुरुवातीला तो केवळ फुकट प्रवेशाच्या स्पर्धा खेळला. चार पैसे मिळाले की जात, पुन्हा शून्य होई. लक्ष्य गाठायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. आपल्या मुलांना यातले 'शून्यातून दहा हजार' तेवढे ठाऊक असते. त्याचे नियम ठाऊक नसतात. जवळच्या एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त पैसे तो कोणत्याही टेबलावर घेऊन बसत नसे. मोठ्या स्पर्धेची प्रवेश फी दोन टक्क्यांच्या आतच हवी. आणि टेबलावर जिंकता जिंकता आपले पैसे एकूण रकमेच्या दहा टक्क्यांवर गेले, तर तेथून उठायचे. जिंकत असतानाही उठायचे! हे सारे त्याने पहिले पान हातात घेण्यापूर्वी ठरवले होते.

एवढा जाणकार माणूस एवढ्या नियमांनी बांधून घेतो. मग रात्रपाळी करून आलेला, झोप अपुरी झालेला आपला पोरगा कोणत्या बळावर बसतो?

३. टेबल कोणाचे?

थोडा हिशेब करू. समजा, सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. मिळून सहा हजार. प्रत्येक डावात सरासरी शंभर रुपये जमतात आणि त्यातले पाच टक्के, म्हणजे पाच रुपये, कंपनी कापून घेते. मोबाइलवर डाव भराभर होतात. तासाला पंचाहत्तर धरा. चार तासांत तीनशे डाव, म्हणजे दीड हजार रुपये कंपनीकडे गेले. साहांपैकी कोण जिंकले, कोण हरले हा पुढचा प्रश्न. टेबलावरचा चौथा हिस्सा आधीच नाहीसा झाला. जितके जास्त डाव, तितकी जास्त कापणी. आता 'महिन्यात जास्तीत जास्त डाव खेळा' हे आव्हान कोणाच्या सोयीचे आहे ते पाहा.

शिवाय आव्हानाचे नियम टेबलाच्या मालकाच्या हातात असतात. पोकरस्टार्स या मोठ्या कंपनीच्या सर्वोच्च श्रेणीसाठी वर्षभर अहोरात्र खेळावे लागे. २०१५ साली अनेकांनी ती श्रेणी मिळवली आणि वर्ष संपता संपता कंपनीने पुढच्या वर्षाच्या सवलतीच कापल्या. फर्ग्युसन ज्या 'फुल टिल्ट' संकेतस्थळावर खेळला, ते २०११ मध्ये ठप्प झाले आणि हजारो खेळाडूंचे पैसे अडकले. अमेरिकेतील खेळाडूंना ते परत मिळू लागायला २०१४ उजाडले.

जिंकणाऱ्याची बातमी मात्र गावभर होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला क्रिकेटच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये लागले. त्या दिवशी किती तरुणांनी नवे खाते उघडले असेल! थोड्याच दिवसांत त्या अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. हरणाऱ्याचे नाव कोणत्याच वर्तमानपत्रात येत नाही. ते सावकाराच्या वहीत असते.

४. ट्रिप कोठे लावायची?

एकलहऱ्यात राहणाऱ्यांना वेगळा दाखला द्यायला नको. आपल्या औष्णिक केंद्रातील २१० मेगावॅटच्या संचाचे टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. काही कारणाने वेग ठरलेल्या हद्दीबाहेर, साधारण दहा टक्क्यांनी वर गेला, तर वाफ आपोआप बंद होते आणि संच 'ट्रिप' होतो. त्या क्षणी यंत्र ऑपरेटरला विचारत नाही, "साहेब, अजून पाच मिनिटे चालवू का?" ती हद्द आधीच, यंत्र थंड असताना आणि माणसेही शांत असताना ठरवलेली असते. संच ट्रिप झाला म्हणून केंद्राची अब्रू जात नाही. उलट त्यामुळेच केंद्र आणि आतली माणसे वाचतात.

माणसाचेही तसेच आहे. हरल्यावर डोके तापते. पोकर खेळणाऱ्यांच्या भाषेत त्याला 'टिल्ट' म्हणतात. त्या अवस्थेत घेतलेला निर्णय आपला नसतो, तो तापाचा असतो. आणि 'एवढे घातले, आता कसे सोडू?' हा विचार सर्वांत फसवा. गेलेले पैसे आपण खेळलो तरी गेलेले आहेत आणि उठलो तरी गेलेले आहेत. प्रश्न फक्त खिशात उरलेल्यांचा आहे.

हद्द कोठे असावी, याला ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात (क्र. २४१३) आधार आहे. पत्त्यांचा खेळ किंवा पैज ही स्वतःहून अन्यायाची गोष्ट नाही, असे तेथे सांगितले आहे. पण स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले की ती नैतिकदृष्ट्या अमान्य ठरते. आणि जुगाराचा नाद माणसाला गुलाम करू शकतो. म्हणजे दोन खुणा मिळाल्या : गरज आणि गुलामी. त्यांवरून पुढील पाच गोष्टी तपासा. यांतली एक जरी लागू झाली, तरी ट्रिप झाली असे समजा.

• फी, किराणा, औषधे किंवा हप्ता यांचे पैसे लावले.
• उसने घेऊन, कर्जाच्या अ‍ॅपवरून किंवा दागिना ठेवून खेळलो.
• किती हरलो याबद्दल घरी खोटे बोललो.
• झोप बुडाली किंवा ड्युटीवर डुलकी लागली.
• स्वतःच ठरवलेली हद्द एकदा पुढे सरकवली.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. सरकणारी हद्द ही हद्दच नव्हे.

५. संत कामिलस : शपथेने सुटले नाही ते

इटलीत १५५० साली जन्मलेला कामिलस दे लेलिस हा सैनिक होता, आणि बापासारखाच पत्ते-फाशांचा नादी. पायाच्या जखमेमुळे तो रोमच्या रुग्णालयात राहिला, तेथे नोकरीला लागला. पत्त्यांपायी तेथूनही काढला गेला. संन्यासी होण्याचा त्याने नवस केला होता, तो तसाच राहिला. १५७४ साली नेपल्स शहरात तो सर्वस्व हरला. अंगातला सदराही गेला असे सांगतात. पोटासाठी मानफ्रेदोनिया येथे कापुचिन मठाच्या बांधकामावर त्याला मजुरी करावी लागली. तेथे १५७५ मध्ये त्याचे मन पालटले. पुढे ज्या रुग्णालयातून त्याला हाकलले होते, तेथेच तो रुग्णांची सेवा करू लागला आणि त्याचा व्यवस्थापक झाला. त्याने रुग्णसेवकांचा संघ स्थापला. १६१४ साली तो मरण पावला आणि १७४६ साली संत म्हणून घोषित झाला. आज तो रुग्णांचा आणि परिचारिकांचा आश्रयदाता आहे.

नवस केला तेव्हा कामिलस सुधारला नाही. हाताला काम, आजूबाजूला माणसे आणि कोणाला तरी आपली गरज आहे ही जाणीव मिळाली, तेव्हा तो टिकला. रिकाम्या रात्रीत कुठलीही शपथ फार दिवस टिकत नाही.

६. आता घरात काय करावे?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि देशातील मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादही या कायद्याने बाजूला ठेवला. तेव्हा मोबाइलवरच्या पैशाच्या पोकरपुरती हद्द आता शून्य आहे. पण नाद कायद्याने जात नाही. तो परदेशी संकेतस्थळांकडे वळतो, पत्त्यांच्या क्लबात जातो, शेअर बाजाराच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये शिरतो. तेथे २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत शंभरातील ९३ वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले, असे सेबीनेच सांगितले आहे.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे. म्हणून बाळांनो, घाबरून लपवू नका. आजच एका विश्वासू माणसाला पूर्ण आकडा सांगा. अर्धा आकडा सांगणे म्हणजे पुन्हा खेळायला जागा ठेवणे.

आई-वडिलांनी आणि पत्नीने आकडा ऐकताच आरडाओरडा करू नये. तो सांगायला त्याला किती रात्री लागल्या असतील! सगळे मिळून कागदावर यादी करा : कोणाचे किती आणि व्याज किती. मदत करायची तर पैसे मुलाच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्या. काही महिने पगाराचा व्यवहार घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावा. त्याला एकट्याला रात्र काढू देऊ नका. मन खचले असेल, जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर वेळ न घालवता शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा आणि डॉक्टरांकडे न्या. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. धर्मगुरूंचे दारही उघडे आहे.

राजाने वकील पाठवला तेव्हा शत्रू दूर होता. कोणाच्या घरी तो अजून दूर असेल, कोणाच्या वेशीवर आला असेल. वेशीवर आला असला तरी उशीर झाला म्हणून बसून राहू नका. कामिलस सदराही हरल्यावर उठला होता.

समूहात चर्चेसाठी

१. आपण एखादी गोष्ट केवळ 'एवढे घातले' म्हणून चालू ठेवली आहे का?
२. आपल्या घरात हरल्याची गोष्ट न घाबरता सांगता येते का?
३. आपल्या वस्तीतील तरुणांना रात्रीच्या रिकाम्या वेळी कोणते काम, कोणती सोबत देता येईल?

प्रार्थना

हे प्रभो, हिशेब करण्याचे शहाणपण आणि वेळीच उठण्याचे धैर्य आम्हांला दे. जे हरून घरी परततील त्यांच्यासाठी आमचे दार उघडे असू दे. आमेन.