गाठ काखेत, मग रक्ताचा कॅन्सर कसा?

प्रश्न : वडिलांच्या काखेतल्या गाठीचा रिपोर्ट आला : ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, सीडी20 पॉझिटिव्ह’. रक्ताची तपासणी तर नॉर्मल आहे. मग हा रक्ताचा कॅन्सर कसा? – एक वाचक, रेवदंडा

उत्तर : बी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या बिघडून लसिकाग्रंथींत साचल्या तर लिम्फोमा, अस्थिमज्जेत आणि रक्तात पसरल्या तर ल्युकेमिया. त्यांच्यापासून बनणाऱ्या प्लाझ्मा पेशी बिघडल्या तर मायलोमा. घराणं एकच; म्हणून रक्त नॉर्मल असूनही याची गणना रक्ताच्या कॅन्सरमध्येच.

‘लार्ज’ म्हणजे मोठ्या पेशी, ‘डिफ्यूज’ म्हणजे गाठभर पसरलेल्या. हा प्रकार झपाट्याने वाढतो, पण उपचारांनी अनेकदा पूर्ण बरा होतो. फॉलिक्युलर लिम्फोमा हा दुसरा प्रकार मात्र सहसा संथ असतो. सीडी20 ही पेशीवरची खूण. रिटुक्सिमॅब हे औषध नेमकं तिलाच धरतं. आजाराची स्टेज, म्हणजे तो किती पसरला, ही मात्र प्रकाराहून वेगळी गोष्ट. ती प्रामुख्याने पेट-स्कॅनवरून ठरते.

खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कॅन्सर केंद्रात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ठोकळाही मागून घ्या. प्रकाराची फेरतपासणी त्यावरूनच होते.